सुकवलेलं लव्हेंडर घरात वापरताय? या चुका टाळा

शांत झोपेसाठी मागवलेलं लव्हेंडरचं पाकीट घरी आलं की फुलं थेट चहाच्या पातेल्यात जातात आणि तिथेच सगळं बिघडतं. आपल्याला सवय काढ्याची: खळखळ उकळायचं, पाणी निम्मं आटवायचं. सुंठ-दालचिनीला ते मानवतं, लव्हेंडरला नाही. त्याचा गुण लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट या उडून जाणाऱ्या घटकांत असतो. स्वयंपाकघरात घमघमाट सुटला म्हणजे कपात यायला हवं होतं ते वाफेवाटे गेलं. उरतो कडवटपणा आणि साबणासारखी चव. मग त्यात मध ओतला जातो आणि ‘लव्हेंडरने काही झोप येत नाही’ असा निकाल लागतो.

याचा काढा नको, फांट करा, म्हणजे न उकळता गरम पाण्यात झाकून मुरवा. एक छोटा चमचा भरून, म्हणजे साधारण एक ग्रॅम फुलं, त्याला दीडशे मिली पाणी. पाण्याला उकळी आली की गॅस बंद, फुलं घालायची आणि लगेच घट्ट झाकण. सात मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. उघडल्यावर झाकणाला आतून लागलेले थेंब कपातच निथळू द्या, सुगंध त्यातही असतो. दहा मिनिटांच्या पुढे ठेवलंत तर कडू होणारच. ‘जास्त घातलं की लवकर गुण’ हेही खोटं. दोन चमचे घातल्याने फक्त घशाखाली उतरत नाही.

दुसरी चूक पावसाळ्यातली. जूनमध्ये हौसेने अर्धा किलो फुलं मागवायची, सगळी एकाच उशीत भरायची आणि वर पॉलिस्टरचा अभ्रा चढवायचा. कोकणपट्टीच्या दमट हवेत सुकी फुलं ओलावा ओढून घेतात, त्यात डोक्याचा घाम. काही आठवड्यांत उशीला कुबट वास येतो. तो झाकायला वरून अत्तर किंवा तेल शिंपडलं जातं, पण आतली ओल तशीच राहते. शिवण उसवली की आत फुलांचे गठ्ठे आणि त्यावर पांढरट बुरशी. अशा उशीवर दम्याच्या माणसाने झोपायचं म्हणजे उपचाराऐवजी दुखणं. ती उन्हात वाळवून वाचवायचा प्रयत्न करू नका, टाकून द्या.

उशी भरूच नका. मलमलीच्या तळहाताएवढ्या पोटलीत वीस ग्रॅम फुलं घालून ती अभ्र्यात सरकवा आणि सकाळी काढून हवाबंद बरणीत ठेवा. रात्री हातात घेऊन हलकी चुरली की वास परत येतो. चुरूनही आला नाही तर फुलं बदला. उरलेला साठा लहान, गडद काचेच्या बरण्यांत, काठोकाठ भरून ठेवा. सारखी उघडझाप झाली की हवेने लिनालूलचं ऑक्सिडेशन होतं आणि जुनाट मालाने काहींच्या त्वचेवर पुरळ उठतं.

खरेदीतही घाई नडते. भडक जांभळी, बोटाला रंग लागणारी फुलं सजावटीची. ती पोटात नको. खाण्याजोगी म्हणून स्पष्ट विकलेली ‘लव्हॅंड्युला अँगस्टिफोलिया’ ही जात घ्या. लव्हँडिन या संकरात कापूर जास्त, ते कपाटातल्या कपड्यांना ठीक. जम्मूच्या डोडा जिल्ह्यात भद्रवाहला लव्हेंडरची शेती होते, तिथली काढणी जून-जुलैतली. काढणीचं वर्ष विचारूनच पैसे द्या.

आंघोळीच्या पाण्यात फुलं मोकळी सोडू नका, मोरी तुंबते, पोटलीत बांधा. खोबरेल तेलात मुरवायची असतील तर देठ कट्कन मोडतो इतकी कोरडी हवीत, नाहीतर तेल बिघडतं. बाटलीतलं लव्हेंडर तेल म्हणजे चहाचा शॉर्टकट नव्हे, ते पिऊ नका. मांजर असेल तर पोटली तिच्या आवाक्याबाहेर ठेवा. लव्हेंडर मांजरांना बाधतं. झोपेच्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर हा फांटसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्या.