कोलवाळ की कोलवा?

गोव्यातल्या एका आपत्कालीन कॉल केंद्रात मी शिफ्ट सांभाळते. एका रात्री धाप लागलेल्या माणसासाठी फोन आला. फोन घेणाऱ्या आमच्या सहकारी मुलीने ‘कोलवा’ ऐकलं आणि दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यातली रुग्णवाहिका सुटली. घर होतं कोलवाळला, उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यात! दुसरी गाडी म्हापशाहून पोचेपर्यंतची मिनिटं मी आजही विसरलेले नाही. रुग्ण वाचला, पण मला झोप लागली नाही.

चूक त्या मुलीची नव्हती, आमच्या विचारण्याच्या क्रमाची होती. हणजूण बार्देशात, अंजुणे सत्तरी तालुक्यात. घाबरलेल्या आवाजात दोन्ही सारखीच वाटतात. देऊळवाडा तर कितीतरी गावांत. मोबाइल टॉवरवरून मिळणाऱ्या ठिकाणावर विसंबावं, तर सत्तरीच्या डोंगरात ते काही किलोमीटर चुकू शकतं.

मग मी क्रम बदलला. पहिला प्रश्न तालुक्याचा. मग गाव, वाडा (गावातली वस्ती) आणि जवळची खूण: देऊळ, चॅपेल, खुरीस (क्रूस), तिंटो (बाजाराचा चौक), काहीही. ऐकलेलं सगळं फोन करणाऱ्याला परत म्हणून दाखवायचं, त्याच्या ‘हय’शिवाय गाडी सोडायची नाही. यात थोडे सेकंद जातात, जाऊ देत. फोन मात्र ठेवायचा नाही. शेजारची सहकारी गाडी पाठवते, रुग्ण बेशुद्ध असून श्वास नीट चालत नसेल, तर आपण छाती कशी दाबायची ते सांगत राहायचं.

पर्यटकाला तालुका ठाऊक नसतो. त्याला आम्ही म्हणतो, हॉटेलच्या माणसाकडे फोन द्या.

सारख्या नावांची वही आता प्रत्येक टेबलावर आहे. नवी जोडी सापडली की त्याच शिफ्टमध्ये लिहायची.