जुन्या लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलची रेप्लिका निघेल का, हे कसं ओळखाचं

लिव्हर-अ‍ॅक्शन म्हणजे ट्रिगरखालचा दांडा खाली-वर करून पुढची गोळी भरायची रायफल. त्यातली सॅव्हेज ९९ सारखी भारी रायफल परत कोणी बनवत नाही अन् विंचेस्टर १८७३ च्या नकला इटलीतून निघतच राहतात, काहून? दिसण्यावर जाऊ नका राजेहो, कंपनीवाला आधी गिऱ्हाईक पाहते.

म्हणून सगळ्यात पहिले मॅच पाहा. अमेरिकेत काउबॉय शूटिंगचा मोठा शौक आहे, त्यांची एसएएसएस (सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी) नावाची संघटना १९८७ ची, अन् तिच्या मेन मॅचला रायफल १९०० च्या आधीच्या डिझाइनची, बाहेर हॅमर (घोडा) दिसणारी अन् पिस्तुलाची गोळी चालवणारी पाहिजे. इथंच अर्ध्या बंदुका कटतात. सॅव्हेज ९९ ला बाहेर हॅमरच नाही, शिवाय आत गोळ्यांचं फिरतं मॅगझिन, म्हणजे बनवायलाही किचकट, मग कोण डोकं लावते.

दुसरं म्हणजे गोळी, आणि माझ्या मते खरी गंमत इथंच आहे. १८६० ची हेन्री रायफल .४४ रिमफायर (पेटवायचा मसाला पितळी केसच्या कडेत असलेली गोळी) चालवायची, ती गोळी आता दुकानात मिळत नाही, म्हणून इटलीच्या उबेर्ती कंपनीनं रेप्लिका .४४-४० आणि .४५ कोल्ट या गोळ्यांमध्ये काढली. मूळ १८७३ तर .४५ कोल्टमध्ये कधी आलीच नव्हती! त्या काळच्या .४५ च्या केसची रिम, म्हणजे मागची कड, एवढी बारीक की एक्स्ट्रॅक्टरला (रिकामी केस ओढून काढणारा आकडा) धरायला काही नव्हतं, आजच्या केसला ते जमते, आणि ज्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४५ आहे त्याला रायफलही त्याच गोळीची पाहिजे असते, त्यामुळे इतिहास गेला बाजूला अन् माल विकला गेला. शुद्धतावाले कुरकुरतात, कुरकुरू द्या.

तिसरं, आतली मशिनरी कोणाची कोणाशी जुळते ते पाहा. हेन्री, विंचेस्टर १८६६ आणि १८७३, तिघींमध्ये टॉगल लिंकच (कोपरासारखा दुमडणारा सांधा, तोच बोल्ट बंद धरते), १८६६ ला बाजूनं गोळ्या भरायचं गेट आलं, १८७३ ला पितळेच्या जागी लोखंडी फ्रेम, बाकी खानदान एकच. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत जॉबवर्क केलेल्याला हे सांगायची गरज नाही, एक फिक्स्चर बसलं की त्याच्या आसपासचा माल काढणं सोपं जाते. पण जोरदार गोळीला टॉगल कमजोर, .४४ मॅग्नमवाल्याला जॉन ब्राउनिंगनं डिझाइन केलेली विंचेस्टर १८९२ बरी पडते, तिचे लॉकिंग बोल्ट मजबूत, म्हणून ब्राझीलची रॉसी आणि इटलीची किआप्पा ती बनवतात.

पेटंटची चिंता नाही, ते केव्हाचे संपले. नाव मात्र नाही संपलं, विंचेस्टर हे नाव ज्याच्याकडे हक्क आहे त्यालाच लावता येते, त्या नावाच्या १८९२, १८९५ वगैरे जपानच्या मिरोकू कंपनीत बनतात.

(आणि रेप्लिका म्हणजे खेळणं नाही भाऊ, गोळी चालते, आपल्याकडे लायसन्सशिवाय हात लावायचा नाही.)

आता स्वतः एक करून पाहा, स्पेन्सर १८६० घ्या. मेन मॅचला तिचा उपयोग नाही, प्रत्येक वेळी हॅमर हातानं ओढावा लागतो, मूळ गोळीही रिमफायर, आतली मशिनरीही टॉगलच्या खानदानातली नाही, म्हणजे तिन्ही कसोट्यांत नापास. तरी रेप्लिका आहे, किआप्पाची, कारण अमेरिकेत यादवी युद्धाच्या लढाया परत उभ्या करणारे हौशी लोक आहेत अन् घोडदळाचा ड्रेस घातला की त्यांना स्पेन्सरच लागते.