पिल्लांना पातळ जुलाब लागले तर आधी ओआरएस

शीळ-डायघरकडच्या वराहपालकांचा मला ठाण्यात फोन येतो तो एकाच प्रश्नाचा: "मॅडम, पिल्लं पाण्यासारखी हगतायत, कुठलं इंजेक्शन देऊ?" पीईडी, टीजीई आणि रोटा हे पिल्लांना जुलाब लावणारे आतड्याचे विषाणू; त्यांपैकी एखादा असेल तर अँटिबायोटिकने तो मरत नाही. आठवड्याच्या आतलं पिल्लू दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, म्हणून आधी तेच भरून काढा.

हे का, ते सांगते. आतड्याच्या अस्तरावर बारीक अंकुर असतात आणि त्यांच्या तळाशी खळगे. खळग्यांतल्या पेशी आतड्यात सतत क्लोराइड सोडतात. त्याच्यामागे सोडियम जातं, सोडियममागे पाणी. निरोगी पिल्लात अंकुर हे सगळं परत शोषतात. पीईडी आणि टीजीईचे विषाणू नेमक्या अंकुरांच्या पेशी मारतात, खळग्यांचं काम मात्र चालूच राहतं. रोटाचं एक प्रथिन तर क्लोराइडचा झोत आणखी वाढवतं, हे 1996 साली उंदरांच्या पिल्लांवर दाखवलं गेलं. दूध तुटलेल्या पिल्लात अंकुर दोन-तीन दिवसांत नव्या पेशींनी भरतात, नवजात पिल्लाला पाच ते सात दिवस लागतात. तेवढे दिवस त्याला तगवायचं.

मेडिकलमधून एक लिटरचं डब्ल्यूएचओ सूत्राचं ओआरएसचं पाकीट घ्या. मागे सोडियम क्लोराइड 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि सायट्रेट 2.9 ग्रॅम असं लिहिलेलं असतं. ग्लुकोज हवंच, कारण उरलेल्या पेशी त्याच्याबरोबर सोडियम आत ओढतात. सायट्रेट रक्तातली वाढलेली आम्लता कमी करतं. पाणी उकळून गार करा, बाटलीने मोजून एक लिटर घ्या आणि पूर्ण पाकीट त्यात घाला. वरून मीठ अजिबात घालू नका. जास्त मिठाने डुकराच्या मेंदूवर परिणाम होतो, झटके येतात.

उथळ ताटलीत थोडं थोडं ठेवा, घाण झालं की बदला, चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. पिल्लू स्वतः पीत नसेल तर बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या बाजूने हळूहळू सोडा. मान मागे वाकवू नका, पाणी फुप्फुसात जातं. उभंच राहत नसेल तर डॉक्टरच हवा. आईचं दूध तोडू नका. नवजात पिल्लाला 32 ते 34 अंश ऊब लागते. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओली फरशी फार वाईट, कोरडं गोणपाट आणि बल्ब लावा.

लिथियम क्लोराइडबद्दल कुणी विचारतं. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये त्याने पीईडी आणि टीजीईचे विषाणू रोखल्याचं संशोधन आहे, पण ते शेडमधलं औषध नाही. देऊ नका.

आजारी कप्प्यात सगळ्यात शेवटी जा, गमबूट धुवा. हॉटेलचं खरकटं आणणारा टेम्पो गेटबाहेरच थांबवा आणि खरकटं उकळूनच घाला. मोठी जनावरं तापाने पटापट मरू लागली, कान जांभळे दिसले तर हा आजार वेगळा समजा. तो आफ्रिकन स्वाइन फिव्हर असू शकतो. त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा आणि एकही डुक्कर विकू नका.