जाहिरातींची यादी प्रिव्हॉक्सीला भरवताना

प्रिव्हॉक्सी हा प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझर आणि इंटरनेट यांच्या मध्ये बसून नको ते अडवणारा प्रोग्राम. जाहिरातींच्या डोमेनच्या तयार याद्या त्याला कळतील अशा करणारी माझी पहिली स्क्रिप्ट चार ओळींची होती. चालली, आणि तिथेच घोळ झाला.

होस्ट्स फाईलच्या (संगणकातल्या पत्ता-नाव जोड्यांच्या फाईलच्या) ढंगातली यादी खरोखरच सोपी असते. ओळीच्या सुरुवातीला ०.०.०.० किंवा १२७.०.०.१, मग डोमेन. सुरुवातीचा पत्ता उडवायचा, हॅशपासून पुढचं छाटायचं, लोकलहोस्टच्या ओळी काढायच्या. उरलेल्या नावांच्या वर महिरपी कंसात ब्लॉकची क्रिया लिहिली की ॲक्शन फाईल, म्हणजे प्रिव्हॉक्सीच्या नियमांची फाईल, तयार. तिचं नाव कॉन्फिग फाईलमध्ये घालायला मात्र विसरू नका. मी विसरलो होतो. यादी विंडोजवर बनलेली असेल तर ओळीच्या शेवटी न दिसणारा कॅरेज रिटर्न असतो, तोही काढा.

खरा प्रश्न नावाआधीच्या डॉटचा. प्रिव्हॉक्सीत डॉट लावला तर ते डोमेन आणि त्याखालची सगळी सबडोमेन (त्याच नावाआधी आणखी तुकडा जोडलेली नावं) अडतात, नाही लावला तर तेवढंच नाव. होस्ट्स फाईलला सबडोमेन ही भानगडच कळत नाही, म्हणून ती यादी करणारा एकेक नाव वेगळं लिहितो. तिथे सरसकट डॉट लावणं म्हणजे त्याने न म्हटलेलं त्याच्या तोंडी घालणं. मी तिथे डॉट लावत नाही.

मी आपटलो ते ईझीलिस्टवर, म्हणजे ब्राउझरमधल्या जाहिरात-रोधकांसाठी बनवलेल्या यादीवर. तिच्यात डोमेनचा नियम दोन उभ्या रेघांनी सुरू होतो आणि बहुधा कॅरेटने (^) संपतो. मी रेघांनंतरचं नाव उचललं आणि पुढचं सगळं फेकलं. संध्याकाळी रोज वाचतो ती बातम्यांची साइट उघडेना. प्रिव्हॉक्सीच्या स्वतःच्या पानावर पत्ता टाकला की कुठल्या ओळीने तो अडवला ते दिसतं. ओळ माझ्याच फाईलमधली. मूळ नियमात डोमेननंतर तिरपी रेघ आणि जाहिरातींच्या फोल्डरचं नाव होतं. अडवायचा होता फोल्डर, मी साइटच बंद केली.

डॉलरनंतर ‘थर्ड-पार्टी’ लिहिलेले नियम याहून फसवे. दुसऱ्या साइटने मागवलं तरच अडवा, असा त्यांचा अर्थ. डोमेनच्या साध्या यादीत ती अट मावत नाही. आता मी डोमेननंतरच्या कॅरेटपाशीच संपणाऱ्या ओळीच घेतो, त्यांना डॉट लावतो, बाकी सोडून देतो. दोन हॅशवाले नियम पानावरचा भाग लपवण्यासाठी असतात, ते ब्राउझरचं काम. दोन ॲट चिन्हांनी सुरू होणारे अपवाद, तेही नुसत्या डोमेनचे असतील तरच, ब्लॉक उठवणाऱ्या विभागात घालतो. तो विभाग सगळ्यात शेवटी, कारण प्रिव्हॉक्सीत नंतरची ओळ आधीचीवर मात करते.

इतकं टाकून हळहळ वाटू देऊ नका. एचटीटीपीएसमध्ये, म्हणजे कुलूपबंद जोडणीत, प्रॉक्सीला फक्त होस्टचं नाव दिसतं, पुढचा मार्ग नाही. प्रिव्हॉक्सीच्या ३.०.२९ या आवृत्तीपासून आत डोकावायची सोय आली, पण त्यासाठी ब्राउझरला स्वतःचं प्रमाणपत्र मान्य करायला लावावं लागतं. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

हीच यादी स्क्विड या दुसऱ्या प्रॉक्सीला द्यायची असेल तर आणखी एक काम: डॉटवालं मूळ डोमेन आणि त्याचंच सबडोमेन दोन्ही असतील तर स्क्विड कुरकुर करतो, म्हणून सबडोमेन काढायचं. नाव उलटं करून क्रम लावला की सबडोमेन मूळ डोमेनच्या पाठोपाठ येतात आणि आधीच्या ओळीशी ताडून काढता येतात, असं मी समजत होतो. पण आस्कीत, म्हणजे संगणकाच्या अक्षरक्रमात, हायफन डॉटच्या आधी येतो. त्यामुळे हायफनवालं भलतंच डोमेन मध्ये घुसतं आणि पुढची सबडोमेन तशीच राहून जातात. आता प्रत्येक नावाचा एकेक तुकडा कमी करत, उरलेलं मूळ डोमेन यादीत आहे का तेच बघतो.