घरच्या कार्यशाळेत धूळ ओढणारी यंत्रणा बसवताना या चुका टाळा

यंत्रणा सुरू केल्यावर जमिनीवर ढलप्या दिसेनाशा झाल्या, की काम झाले असे आपण समजतो, आणि पहिली चूक तिथेच होते. रंध्याच्या ढलप्या आणि करवतीचा जाड भुसा झाडूनेही गोळा करता येतो. परंतु फुफ्फुसात खोलवर जाणारी, १० मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ तासन्‌तास हवेत तरंगत राहते आणि साध्या उजेडात दिसतही नाही. पॉलिश पेपरचे काम आटोपल्यावर खोलीतला दिवा मालवून टॉर्चचा झोत आडवा टाकला, की आपली यंत्रणा किती पाण्यात आहे ते लगेच कळते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. त्यामुळे हा नुसत्या केरकचऱ्याचा प्रश्न नाही.

दुसरी चूक यंत्र निवडतानाची. व्हॅक्यूम क्लीनरवर १,४०० वॉटचा आकडा पाहून तोच टेबल सॉला, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल करवतीला, जोडला जातो. त्याचा ओढा जोरदार असतो खरा, पण अरुंद नळीतून तो मिनिटाला साधारण १०० ते १५० घनफूटच हवा वाहून नेतो. लाकूड घासणाऱ्या सँडरला किंवा खाचा पाडणाऱ्या हातातल्या राउटरला तेवढी पुरते. टेबल सॉला मात्र ३५० ते ४०० घनफूट लागते आणि त्यासाठी मोठ्या पंख्याचा डस्ट कलेक्टरच हवा. टेबल सॉ खालून उघडा असेल, तर त्याचा तळ प्लायवूडने बंद केल्याशिवाय कलेक्टरही इकडचीतिकडची हवाच ओढत बसतो.

चांगले यंत्र आणूनही ओढा पडतो, त्याचे कारण बहुतेक वेळा पाइपात सापडते. कलेक्टरचे तोंड १०० मिलिमीटरचे आणि पुढे रिड्यूसर लावून ५० मिलिमीटरची नळी, अशी जोडणी सर्रास दिसते. व्यास निम्मा झाला, की हवेला जाण्याची जागा एक चतुर्थांश उरते. वळ्यावळ्यांची लवचिक नळी गुळगुळीत पाइपापेक्षा कितीतरी जास्त अडथळा करते, म्हणून ती यंत्राजवळच्या शेवटच्या हातभरापुरतीच ठेवावी. बाकीच्या मार्गासाठी सांडपाण्याचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उत्तम चालतो. फांदी काढताना ‘टी’ऐवजी ‘वाय’ घ्यावा, काटकोनी बेंडऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड वापरावेत आणि एखादा बेंड झाकणाचा, म्हणजे प्लंबर ज्याला डोअर बेंड म्हणतात तसा, घ्यावा. पाइप तुंबला तर सगळी जोडणी उचकटावी लागत नाही.

सायक्लोनच्या, म्हणजे हवा गोल फिरवून भुसा फिल्टरआधीच खालच्या डब्यात पाडणाऱ्या भांड्याच्या, बाबतीत मी स्वतः फसलो आहे. त्याखाली मी रंगाची २० लिटरची रिकामी बादली ठेवली होती. एकदा नळीत प्लायवूडची कपची अडकली आणि बादली माझ्या डोळ्यांदेखत फटकन आत चेपली. ती ठोकून पुन्हा बाहेर काढली, पण झाकण पूर्वीसारखे बसेना. त्यानंतर सायक्लोन चालू असूनही सगळी बारीक धूळ फिल्टरमध्ये जाऊ लागली आणि कारण समजायला मला दोन आठवडे लागले. बादलीत खालून हवा शिरली, की खाली पडलेला भुसा पुन्हा वर उचलला जातो. गळती शोधायला अनेकजण उदबत्ती धरतात, पण भुशाच्या खोलीत विस्तव नकोच. टिश्यू पेपरची पट्टी सांध्याजवळ धरली, तरी ती आत ओढली जाताना दिसते. आता मी जाड पत्र्याचा डबा वापरतो.

कलेक्टरसोबत येणारी कापडी पिशवी ही अशीच फसवी गोष्ट आहे. जाड भुसा ती अडवते आणि बारीक धूळ मात्र कापडातून खोलीभर उडवते, म्हणजे आपण धूळ गोळा करायला नव्हे, तर वाटायला यंत्र घेतले, असे होते. १ मायक्रॉनपर्यंतची धूळ अडवणारा फिल्टर महाग पडतो, पण पैसे तिथेच घालावेत. ज्यांना हवा बाहेर सोडणे शक्य आहे, त्यांनी समोरची खिडकी उघडी ठेवावी, कारण तेवढी हवा आत आली नाही तर ओढा टिकत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दमट धूळ फिल्टरवर चिकटून बसते, तेव्हा तो नेहमीपेक्षा लवकर झटकावा लागतो.

ओढा कमी वाटला तर आधी डबा भरला आहे का ते पाहावे, मग फिल्टर, मग न वापरलेल्या यंत्रांची झडप उघडी राहिली आहे का, आणि त्यानंतरच पाइपाला हात घालावा. करवत आणि कलेक्टर दोन्ही ६ अँपिअरच्या एकाच पॉइंटवर चालवू नयेत. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी भुशाच्या डब्यात टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. डबा रिकामा करताना सर्वांत जास्त धूळ उडते, म्हणून त्या वेळी एन-९५ मास्क लावावा आणि हे काम शेजाऱ्यांचे कपडे दोरीवर वाळत नसताना उरकावे.