प्रायमरी डेटाबेस पडल्यावर स्टँडबाय कसा प्रमोट करावा

कांद्याचा लिलाव ऐन रंगात, ट्रॅक्टरांची रांग भुईकाट्यापासून पार गेटाबाहेर, आणि वजनाची पावती छापायचीच थांबते. आमची प्रायमरी, म्हणजे ज्यावर सगळं लिहिलं जातं तो डेटाबेस, सातपूरला; स्टँडबाय, म्हणजे तिची सतत ताजी होत राहणारी प्रत, अंबडला. फोन वाजायला लागले की हात आधी प्रमोटकडे, म्हणजे स्टँडबायलाच प्रायमरी करण्याकडे, जातो. तो आवरा. पुढचं सगळं पोस्टग्रेस डेटाबेसच्या १२ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांसाठी आहे.

१. जुना सर्व्हर खरंच गेलाय का ते बघा. पिंग येत नाही एवढ्यावर जाऊ नका. मी गेलो होतो. मधल्या स्विचची वायर सैल झाली होती, सर्व्हर ठणठणीत होता. मी अंबडचा प्रमोट केला, आणि निम्मे काटे इकडे, निम्मे तिकडे लिहीत राहिले. एकच पावती नंबर दोन शेतकऱ्यांच्या हातात! चार रात्री स्थळप्रती जुळवत बसलो. तेव्हापासून माणूस पाठवून सर्व्हर बंद करवतो, नाहीतर निदान लॅनची केबल तरी काढायला लावतो.

२. स्टँडबाय कुठवर पोचलाय ते टिपून घ्या: सिलेक्ट पीजी_लास्ट_झॅक्ट_रिप्ले_टाइमस्टॅम्प(); रेप्लिकेशन (स्टँडबायकडे प्रत पाठवणं) असिंक्रोनस असेल, म्हणजे प्रायमरी स्टँडबायची वाट बघत नसेल, तर शेवटचे काही व्यवहार पोचलेले नसतात. ही वेळ कागदावर लिहा. त्यानंतरच्या पावत्या काट्यावरून मागवून हाताने चढवता येतात.

३. आता सिलेक्ट पीजी_प्रमोट(); चालवा. ती ६० सेकंदांपर्यंत थांबते. मग पीजी_इज_इन_रिकव्हरी() विचारा, उत्तर एफ (म्हणजे ‘नाही’) यायला हवं. ‘हा स्टँडबाय आहे’ असं सांगणारी स्टँडबाय.सिग्नल फाइल आपोआप जाते, तिला हात लावू नका.

४. अ‍ॅपचा पत्ता बदला. कनेक्शनमध्ये दोन्ही होस्ट आणि टार्गेट_सेशन_अ‍ॅट्रस=रीड-राइट आधीच दिलं असेल, तर लिहिता येणारा सर्व्हर अ‍ॅप स्वतःच शोधतं, हे कामच उरत नाही. सगळं जोडलं तरी पावती अडकते? सिंक्रोनस_स्टँडबाय_नेम्स ही सेटिंग बघा. तिथे कुणाचं नाव राहिलं असेल तर कमिट (व्यवहार पक्का होणं) त्या सर्व्हरची वाट बघत बसतो. रिकामं करून रीलोड द्या.

५. लगेच ताजा बॅकअप घ्या.

६. जुना सर्व्हर तसाच चालू करू नका, नव्याची टाइमलाइन (नोंदींचा इतिहास) पुढे गेलेली असते. वॅल_लॉग_हिंट्स किंवा चेकसम्स या सेटिंग्ज आधीपासून चालू असतील तर पीजी_रिवाइंड (फक्त बदललेला भाग नव्याशी जुळवणारं), नसतील तर सरळ पीजी_बेसबॅकअप (नव्याची पूर्ण प्रत घेणारं). मग स्टँडबाय.सिग्नल ठेवून, नव्या प्रायमरीचा पत्ता देऊनच त्याला उठवा. हे मी लिलाव उठल्यावर, संध्याकाळी निवांत करतो.