गावातल्या कामाची पाहणी: विद्यार्थ्यांच्या हाती आधी कागद द्यावा

विद्यार्थ्यांना गावातले एखादे सार्वजनिक काम पाहायला पाठवले, की बहुतेक वह्यांत ‘काम निकृष्ट आहे’ एवढेच वाक्य येते, आणि त्याचा कोणालाच उपयोग होत नाही. त्याऐवजी काँक्रीटचा छोटा रस्ता किंवा गटार असे एकच पूर्ण झालेले काम निवडावे आणि पाहणीआधी त्याचे अंदाजपत्रक व मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाची मापे नोंदवलेल्या वहीची, प्रत मिळवावी. ग्रामपंचायतीने ती सहज दिली नाही, तर शिक्षकांनी स्वतःच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात त्याचे शुल्क 10 रुपये आहे, अर्ज एकाच विषयाचा व 150 शब्दांच्या आत असावा लागतो आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची असते, म्हणून तो सत्राच्या सुरुवातीलाच केलेला बरा.

मग वहीत तीन रकाने आखून घ्यावेत:

1. कागदावरचे माप
2. जागेवरचे माप
3. छायाचित्राचा क्रमांक

लांबी टेपने एकदा मोजली तरी चालते, रुंदी मात्र दोन्ही टोकांना आणि मध्यभागी घ्यावी, कारण फरक बहुधा तिथेच सापडतो. जाडी केवळ उघड्या कडेला मोजावी. खोदकाम मुळीच करू नये. भरलेल्या तक्त्याची प्रत ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यावी आणि सरपंचांची आगाऊ परवानगी घेऊन तो ग्रामसभेत विद्यार्थ्यांनाच वाचू द्यावा.

तक्त्यात फक्त मापे असावीत. फरकाचे कारण किंवा दोषी व्यक्तीचे नाव विद्यार्थ्यांनी लिहू नये, ते विचारण्याचे काम ग्रामसभेतल्या मतदारांवर सोडावे.